मदत हवी आहे: बॉल गेला की पोरं पुतळे होतात

सेलूवाला
आठ दिवसांवर तालुक्याचे सामने आलेत. फुटबॉल. आमची टीम हल्ला झकास करते, पण बॉल गेला की सगळे कमरेवर हात ठेवून उभे. समोरचे तीन पासमध्ये डीत, म्हणजे आमच्या गोलसमोरच्या चौकटीत, शिरले तरी आमचं "तुझा होता बे", "नाही, तुझा होता" चालूच. परवा चारही गोल असेच खाल्ले. रोज अर्धा तास शटल (दोन खुणांमधे ये-जा) पळवायलोय, ओरडून घसा बसला. पटकन मागं वळायचं एखादं ड्रिल सांगा. लेक्चर नको.

गोदाकाठ
वय? टीम किती जणांची? मैदान केवढं? बॉल किती? काहीच लिहिलं नाही तुम्ही.

सेलूवाला
१४ वर्षांखालची पोरं, अजून काय. मैदान शाळेचं.

रात्रीची_मॅच
सोपंय. कोच गार्डिओलाच्या वेळची बार्सिलोना बघा. बॉल गेला की पहिले पाच-सहा सेकंद सगळ्यांनी तुटून पडायचं, नाहीच मिळाला तर मग मागं यायचं. जर्मन कोच रांगनिकचा हिशोब आठ सेकंदांचा. पोरांना व्हिडिओ दाखवा.

जुना_स्टॉपर
बार्सिलोना राहू द्या बार्सिलोनात. भेगाळलेल्या काळ्या मातीवर सहा लेकरं एका बॉलमागं धावली की मागं सगळं रान मोकळं. सगळ्यात जवळच्यानं बॉलवाल्याला आडवं जायचं, दुसऱ्यानं पुढचा पास अडवायचा, बाकीच्यांनी मान खाली घालून आपल्या डीकडं. तीस वर्षं हेच केलं.

रात्रीची_मॅच
म्हणजे बाकीचे आठ पळून जाणार? काका, म्हणूनच तुमच्या काळात स्कोअर ०-० असायचे.

मठ्ठाप्रेमी
बूट कोणते आहेत? पुतण्याला स्टडचे घेतले तर कडक जमिनीवर टाचा दुखायला लागल्या. साधे रबरी घ्या.

जुना_स्टॉपर
१९४८ च्या लंडन ऑलिंपिकला आपले बरेच जण अनवाणी खेळले होते.

मठ्ठाप्रेमी
आणि फ्रान्सकडून २-१ ने हरलो. दोन पेनल्टी हुकवून.

चढाई
मी कबड्डीवाला, फुटबॉलमधलं कळत नाही. पण आमच्यात समोरचा रेडर परत गेला की पाच सेकंदांच्या आत आपला रेडर गेलाच पाहिजे, नियमच आहे. त्यामुळं पॉइंट गेल्याचा शोक करायला वेळच नसतो. तुमच्या टीममध्ये कबड्डी-खोखोची पोरं नाहीत का?

सेलूवाला
खोखोची दोन आहेत. ती वळतात खरी. बूट, ऑलिंपिक काय लावलंय इथं? ड्रिल सांगा ना कोणीतरी.

गोदाकाठ
दोन प्रश्न. तुमचा कॉर्नर असतो तेव्हा मागं किती जण ठेवता? आणि सरावात बॉल गेला की तुम्ही स्वतः काय करता?

सेलूवाला
कॉर्नरला सगळेच वर जातात, प्रत्येकाला गोल मारायचा असतो. सरावात बॉल गेला की मी शिट्टी मारतो, थांबवून चूक सांगतो. नाहीतर कळणार कशी? बॉल दोन होते, एकात सराटे घुसले, आता एकच.

गोदाकाठ
मग पोरं तुमचंच ऐकायलीत की. बॉल गेला म्हणजे शिट्टी, शिट्टी म्हणजे थांबायचं. रोज तेच शिकवलंत. शटल बंद करा, त्यांचे पाय ठीक आहेत.
चार विरुद्ध चार खेळवा. मैदान साधारण ३० बाय २० मीटर, कोपऱ्यात विटा, गोल छोटे. शिट्टी अजिबात नाही. पंक्चर काढून दुसरा बॉल हातात ठेवा. एक बाहेर गेला की दुसरा लगेच आत फेका, कधी या टीमकडं, कधी त्या. बॉल हिसकावल्यावर सहा सेकंदांत गोल झाला तर दोन धरायचे. गेलेला बॉल पाच सेकंदांत परत आणला तर एक पॉइंट. दोन मिनिटं खेळ, दोन मिनिटं सावली. चुका सावलीत सांगा.
आणि कॉर्नरला तिघं मागं. ती खोखोची दोन त्यात घ्या.

जुना_स्टॉपर
तिघं मागं. हेच म्हणत होतो मी.

रात्रीची_मॅच
आणि पाच सेकंद मी म्हणत होतो.

सेलूवाला
चार दिवसांनी लिहितोय. शिट्टी घरीच ठेवली. पहिल्या दिवशी बॉल गेला की पोरं माझ्या तोंडाकडं बघायची. मी मुद्दाम पाठ करून उभा राहिलो. काल एकानं बॉल घालवला, शिवी हासडली आणि शिवी संपायच्या आत परत हिसकावला. कॉर्नरला मागं थांबायला मात्र कोणी तयार नाही, चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. गोलकी डीबाहेर यायला घाबरतो, त्याचा वेगळा धागा काढतो.

मठ्ठाप्रेमी
त्याला ग्लोव्हज आहेत का?