ब्रिटनीच्या खडकाळ किनाऱ्यावरील भरती-ओहोटीबाबत मदत हवी आहे

सप्टेंबरमध्ये आम्ही फ्रान्समधील ब्रिटनीला जात असून, जकात-पहारेकऱ्यांच्या जुन्या पायवाटेवरून, म्हणजे सुमारे २,००० किलोमीटर लांबीच्या ‘जीआर ३४’ वरून, क्रोझों द्वीपकल्पातील पेन-इरचे कडे आणि प्लूमानाकचे गुलाबी ग्रॅनाइटचे खडक पाहण्याचा विचार आहे. सोबतच्या आईला गड चढण्याची सवय आहे (राजगड तिने साठीनंतर केला), त्यामुळे चढाची चिंता नाही. चिंता आहे ती भरतीची. कोकणात दोन-तीन मीटरची भरती पाहिलेल्या आम्हांला, सेंट-मालोजवळ मोठ्या उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत बारा मीटरांचा फरक पडतो, हे वाचूनच धडकी भरली. ओहोटीत उघड्या पडलेल्या खडकांवरून परत फिरण्याची वेळ वेळापत्रकावरून नेमकी कशी ठरवावी, हे तेथे जाऊन आलेल्यांनी कृपया सांगावे.