मदत हवी आहे: घरच्या सिनेमारात्रीसाठी नावाजलेले चित्रपट (सबटायटल्सची अडचण सांभाळून)

मंडळी, नमस्कार.

दर शनिवारी रात्री सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा, असं आमच्याकडे ठरलंय. मोबाइल बाजूला, दिवे बंद, आणि संपल्यावर थोडा वेळ गप्पा. निवड माझ्याकडे आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत ज्यांचं जगभर नाव झालं असे चित्रपट दाखवावेत, अशी मनापासून इच्छा आहे. एरवी जो तो आपापल्या स्क्रीनवर आपापलं बघत असतो आणि असं काही कुणाच्याच नजरेला पडत नाही.

याद्यांची कमतरता नाही. कान आणि व्हेनिसचे महोत्सव, ऑस्कर, हव्या तेवढ्या मिळतात. पण कुठल्याच यादीत मला हवं ते लिहिलेलं नसतं. सासऱ्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे हिंदी सिनेमालाही त्यांना सबटायटल्स लागतात. सासूबाईंचं नेमकं उलट. कान तीक्ष्ण, पण इंग्रजी ओळ वाचून होईपर्यंत पुढची आलेली असते. मुलगी चौदा वर्षांची आहे. नवऱ्याला सुरुवातीलाच काही घडावं लागतं, नाहीतर लक्ष उडतं.

आतापर्यंतचा अनुभव सांगते, म्हणजे अंदाज येईल. 'द लंचबॉक्स' (२०१३) सगळ्यांना आवडला. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू त्यात एकदाही दिसत नाहीत, नुसता भारती आचरेकरांचा आवाज येतो. सासूबाई दुसऱ्या दिवशीही त्या काकूंबद्दलच बोलत होत्या. 'कोर्ट' (२०१४) मात्र वादाचा ठरला. सुनावणी संपल्यावर सरकारी वकील बाई लोकलने घरी जातात, स्वयंपाकाला लागतात, आणि कॅमेरा शांतपणे बघत राहतो. नवऱ्याचं म्हणणं, "हे कशाला दाखवतायत?" मला तोच भाग फार मोलाचा वाटतो. दिवसभर एका माणसाला आत ठेवा म्हणून भांडणारी बाई किती साधी नोकरदार आहे, हे तिथे कळतं. सासरे खूश होते. मराठी, हिंदी, गुजराती, इंग्रजी असं सगळं चालू असूनही त्यांचं काहीच सुटलं नाही.

'पॅरासाइट' (२०१९) मी आधी एकटीने बघून ठेवला. इंग्रजी नसलेल्या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर पहिल्यांदा मिळालं ते यालाच, आणि का मिळालं हे पहिल्या तासातच कळतं. पण तो सोफ्यावरचा प्रसंग आणि शेवटचा रक्तपात, शेजारी सासू-सासरे आणि मुलगी बसलेली असताना नको वाटतो. मुलगी मोठी झाली की तिला नक्की दाखवणार आहे.

तर सासूबाईंना फार वाचावं लागणार नाही, सासऱ्यांचं काही ऐकायचं राहणार नाही आणि मुलीसमोर अवघडायला होणार नाही, असे चित्रपट सुचवा. शक्यतो दोन तासांच्या आसपास. 'रोमा' (२०१८) घरच्या टीव्हीवर कितपत पोचतो, तेही सांगा. त्याची नुसती सुरुवात पाहिली आहे. फरशीवर पाणी येत राहतं आणि त्या पाण्यात वरून जाणारं विमान दिसतं. तेवढ्यावरच जीव जडलाय.

आणखी एक, जरा नाजूक. स्मृतिभ्रंश झालेल्या वडिलांवरचा 'द फादर' (२०२०) मला फार दाखवावासा वाटतो. पण सासूबाईंच्या थोरल्या बहिणीला स्मृतिभ्रंश आहे आणि त्या दोघी फार जवळच्या आहेत. दाखवावा की नाही?

तिसरी घंटा:

ताई, भाषेचा प्रश्न मुळातूनच सोडवा. ज्यात बोलणंच नाही असे चित्रपट घ्या! 'फ्लो' (२०२४) हा लॅटव्हियाचा ॲनिमेशनपट, त्याला ऑस्कर मिळालंय, आणि त्यात एकही संवाद नाही. जग पुरात बुडालंय आणि एक मांजर, कुत्रा, कॅपिबारा, लेमूर, पक्षी असे सगळे एका नावेत. प्राणी माणसांसारखे बोलत नाहीत, प्राण्यांसारखेच वागतात. दीड तासापेक्षाही छोटा आहे, आणि पहिल्या काही मिनिटांतच पूर येतो, म्हणजे तुमच्या मिस्टरांचीही सोय झाली.

तो आवडला तर 'द रेड टर्टल' (२०१६) बघा. निर्जन बेटावर अडकलेला माणूस आणि एक कासव, बस. जपानच्या जिब्ली स्टुडिओचा निर्मितीत सहभाग होता. आणि 'रोबोट ड्रीम्स' (२०२३). कुत्रा आणि रोबोट यांची मैत्री, पण कळ मोठ्यांच्याच काळजात उठते. हे लहान मुलांचे चित्रपट नाहीत, हे सासऱ्यांना आधीच सांगून ठेवा.

काजवा:

वर सुचवलेल्या तिन्हींना +१. पण म्हणून बोलपट सोडू नका. सिनेमा कुठल्या भाषेत आहे यापेक्षा मिनिटाला किती ओळी वाचाव्या लागतात ते बघा. 'अ सेपरेशन' (२०११) हा माझ्या अतिशय आवडीचा इराणी चित्रपट. पण पहिल्याच प्रसंगात नवरा-बायको न्यायाधीशासमोर एकमेकांचं बोलणं तोडत भांडतात आणि पुढेही तीच गती राहते. सासूबाईंची दमछाक होईल. याउलट 'परफेक्ट डेज' (२०२३). टोकियोतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणारा माणूस, दिवसभरात मोजकं बोलतो, गाडीत कॅसेटवर गाणी ऐकतो, झाडांतून येणाऱ्या उन्हाचे फोटो काढतो. कोजी याकुशो यांना कानमध्ये अभिनयाचं पारितोषिक मिळालं ते बहुतेक चेहऱ्यावरच्या कामासाठी. फक्त यात पुरासारखं काही घडत नाही, मिस्टरांना कल्पना द्या.

'रोमा' घरी जरूर बघा, पण मुलीबरोबर बसण्याआधी स्वतः पूर्ण बघा. एका प्रसंगात नग्नता आहे आणि बाळंतपणाचा एक प्रसंग मोठ्यांनाही हलवून सोडतो. आयएमडीबी या चित्रपटांची माहिती देणाऱ्या वेबसाइटवर प्रत्येक चित्रपटाच्या पानावर पालकांसाठी वेगळा विभाग असतो, तो वाचायची सवय ठेवा. तांत्रिक बाजू म्हणाल तर पार्श्वसंगीत नाही, सगळी गंमत आजूबाजूच्या आवाजांत आहे, तेव्हा टीव्हीच्या स्पीकरपेक्षा साधा साउंडबार असला तरी फरक पडेल. आणि कृष्णधवल चित्रावर पांढरी अक्षरं विरघळतात. बऱ्याच ॲपमध्ये सबटायटल्सचा आकार वाढवता येतो, मागे काळी पट्टी देता येते. सासऱ्यांसाठी ते आधी करून ठेवा.

रानजाई:

'द फादर'बद्दल लिहिते. माझ्या वडिलांना हाच आजार होता. तो सिनेमा आजाऱ्याकडे बाहेरून बघत नाही, आपल्याला त्याच्या डोक्यात नेऊन बसवतो. घरातलं सामान बदलत राहतं, मुलगी म्हणून मध्येच दुसरीच बाई समोर येते, आणि वडील झालेल्या अँथनी हॉपकिन्सइतकेच आपणही गोंधळतो. माझे वडील एवढे चिडतात का, हे मला तो बघताना समजलं. त्यासाठी मी त्याची कायम ऋणी राहीन. पण शेवटच्या प्रसंगात हॉपकिन्स आईला हाक मारून रडतात, आणि ते चार जणांत बघणं फार जड गेलं असतं.

शनिवारी लावू नका. सासूबाईंना एकदा निवांत सांगा की असा सिनेमा आहे आणि तो कशाबद्दल आहे. बघायचा म्हणाल्या तर एखाद्या दुपारी तुम्ही दोघीच बसा, मध्ये थांबवता येईल असं. दीड तासाच्या थोडा वर आहे. नको म्हणाल्या तर विषय तिथेच सोडा.

धागाकर्ती:

सगळ्यांचे मनापासून आभार. बिनसंवादाचे चित्रपट हा मार्ग मला सुचलाच नव्हता. या शनिवारी 'फ्लो', पुढच्या शनिवारी 'परफेक्ट डेज'. रानजाई, तुमचं म्हणणं पटलं. उद्या सासूबाईंशी बोलते. इतकं आपलं लिहिलंत, त्यासाठी वेगळे आभार.

आता मराठी-हिंदीकडे वळूया. 'किल्ला' (२०१४) मी यादीत टाकला आहे, बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात मुलांच्या विभागात गौरवला गेलेला, आणि नव्या गावात रुळू न शकणारा अकरा वर्षांचा मुलगा आमच्या मुलीला जवळचा वाटेल. याच जातीचे, कुटुंबात बसून बघता येतील असे आणि इंग्रजी सबटायटल्ससकट मिळतील असे आणखी कुठले? सासऱ्यांसाठी ती सबटायटल्स हवीच आहेत, तेव्हा तुम्ही स्वतः चालू करून पाहिली असतील तर तसं आवर्जून लिहा.