गोचीड चावल्यानंतर महिन्याने तोंड वाकडं, लाईमची टेस्ट मात्र निगेटिव्ह

मेघना_र
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितेय पण कुणाला अनुभव असेल तर प्लीज वाचा. साधारण महिनाभरापूर्वी नवरा मित्रांबरोबर जंगलात गेला होता, घरी आल्यावर गुडघ्याच्या मागे खसखशीच्या दाण्याएवढं काहीतरी काळं चिकटलेलं दिसलं, नीट बघितलं तर गोचीड. चिमट्याने काढला आणि विसरून गेलो. नंतर त्याला ताप, अंगदुखी, मान आखडली, आणि मांडीच्या मागे एक लाल चट्टा आला, खाज नाही की दुखणं नाही, पण रोज थोडा थोडा पसरत तळहाताएवढा झाला. नेटवर दिसतात तशी नेमबाजीच्या पाटीसारखी गोल गोल वर्तुळं नव्हती, सगळा सपाट लालच होता, म्हणून डॉक्टर म्हणाले ॲलर्जी असेल, ताप व्हायरल आहे. मीच मागे लागून लाईमची, म्हणजे गोचीड चावून होणाऱ्या जंतूंच्या आजाराची, टेस्ट करून घेतली, ती निगेटिव्ह आली. चट्टा आपोआप गेला.

आता परवा सकाळी चूळ भरताना पाणी उजव्या कोपऱ्यातून गळायला लागलं, आरशात बघितलं तर तोंड एका बाजूला ओढलेलं आणि उजवा डोळा पूर्ण मिटतच नाही. लगेच दवाखान्यात नेलं, स्ट्रोक नाही म्हणाले, बेल्स पाल्सी आहे, म्हणजे चेहऱ्याची नस अचानक लुळी पडते ते, स्टेरॉइड दिलंय. गोचिडाचं सांगितलं तर म्हणे टेस्ट निगेटिव्ह आहे ना मग तो विषय संपला. खरंच संपतो का? आणि हो, दोन दिवसांपासून जिना चढताना त्याला चक्कर येते, छातीत धडधडतं, ते टेन्शनमुळे असेल असं तो म्हणतोय.

वॉर्डातली_अनू
मेघना, बाकी सगळं नंतर, आधी आजच्या आज ईसीजी काढा. उद्या नाही, आज. लाईमचे जंतू कधी कधी हृदयाच्या वायरिंगमध्ये शिरतात, वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात जाणारा सिग्नल अडकायला लागतो, त्याला हार्ट ब्लॉक म्हणतात. असं फार थोड्या पेशंटना होतं, साधारण 100 त एखाद्याला, पण झालं तर तासाभरात साधा ब्लॉक पूर्ण ब्लॉक होऊ शकतो. चक्कर, धडधड, आणि वर चेहऱ्याची नस गेलेली, हे तिन्ही एकत्र असताना टेन्शन म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि गाडी त्याला चालवू देऊ नका.

मी इन्फेक्शनच्या वॉर्डात नर्स आहे, डॉक्टर नाही, पण हे पेशंट बघितलेत म्हणून सांगते. ही टेस्ट जंतू शोधत नाही, शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीज शोधते, आणि त्या तयार व्हायला काही आठवडे जातात. चट्टा असताना पहिल्या दोनेक आठवड्यांत टेस्ट केली तर निम्म्याहून जास्त लोकांची निगेटिव्हच येते. म्हणजे तुमची टेस्ट चुकली नाही, लवकर झाली. आता परत करायला सांगा, आधी एलायझा ही चाळणीची टेस्ट आणि ती पॉझिटिव्ह किंवा काठावर आली तर दुसरी कन्फर्मेशनची, बऱ्याच ठिकाणी ती वेस्टर्न ब्लॉट असते.

चट्ट्याबद्दल तर मला फार वाटतं की लोकांना चुकीचा फोटो डोक्यात बसलाय. वर्तुळं असायलाच हवीत असं अजिबात नाही, सपाट लाल चट्टा खूप कॉमन आहे. चावल्याची ॲलर्जी एक-दोन दिवसांत येते, खाजते आणि छोटी राहते. लाईमचा चट्टा 3 ते 30 दिवसांत येतो, हळूहळू पसरतो, 5 सेंटीमीटरच्या वर जातो आणि बहुतेक वेळा खाजत नाही. गोचीड असलेल्या भागातून आलेल्या माणसाला असा चट्टा दिसला तर टेस्टची वाट न बघता गोळ्या सुरू करतात. मोबाईलमध्ये चट्ट्याचा फोटो आहे का बघा, असेल तर डॉक्टरांना दाखवाच. लाईममुळे चेहरा गेला असेल तर नुसतं स्टेरॉइड पुरत नाही, अँटिबायोटिक लागतंच.

पानगळ
अनूला +1. एक ॲड करतो, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि लिव्हरच्या टेस्ट पण करा. तोच गोचीड एका चाव्यात दोन-तीन आजार देऊ शकतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले असं असेल तर ॲनाप्लाझ्मा या गोचिडातूनच येणाऱ्या दुसऱ्या जंतूचा विचार करतात. बॅबेसिया म्हणून एक परजीवी आहे तो थेट लाल पेशींत राहतो, स्लाइडवर मलेरियासारखाच दिसतो, आणि लाईमला जी डॉक्सीसायक्लिन देतात ती त्याच्यावर चालत नाही. म्हणून ताप औषध घेऊनही उतरत नसेल तर रक्ताची स्लाइड बघायला सांगायची.

माझ्या बहिणीचा तर गुडघा फुग्यासारखा सुजला होता, पण सुजेच्या मानाने दुखणं कमी. चावून काही महिने होऊन गेले होते त्यामुळे कुणाच्या डोक्यातच आलं नाही, गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं आणि रक्ताची टेस्ट एकदम स्ट्राँग पॉझिटिव्ह आली तेव्हा कळलं.

सावली२
मेघना लॅबच्या टेस्टवर विसंबू नका, काही प्रायव्हेट लॅब स्पेशल टेस्ट करतात आणि ओळखीतल्या एकाला सहा महिने अँटिबायोटिक दिल्यावर बरं वाटलं. क्रॉनिक लाईम, म्हणजे वर्षानुवर्षं रेंगाळणारा लाईम, डॉक्टर मानतच नाहीत.

वॉर्डातली_अनू
सावली, तुमचा राग समजतो, कारण उपचारानंतरही महिनोनमहिने थकवा, अंगदुखी, विसराळूपणा राहणारे लोक मी बघते आणि त्यांना मनाचे खेळ म्हणणं हा अन्याय आहे. पण सहा महिने अँटिबायोटिक हे उत्तर नाही. 2016 मध्ये नेदरलँड्समधली मोठी ट्रायल छापून आली, त्यात सगळ्यांना आधी दोन आठवडे इंजेक्शन आणि मग काहींना 12 आठवडे अँटिबायोटिक, काहींना औषध नसलेल्या नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या, तब्येतीत फरक निघाला नाही. उलट लांब कोर्समुळे आतड्याचं जीवघेणं इन्फेक्शन होऊ शकतं. आणि ज्या टेस्टची नीट पडताळणीच झालेली नाही त्या निरोगी माणसालाही पॉझिटिव्ह दाखवतात, मग खरा आजार तसाच राहतो. लवकर केलेली टेस्ट कच्ची असते म्हणून वेळेवर केलेली पण खोटी, असं होत नाही.

जुनी_वही
मेघना, तुम्ही मागे लागलात ते बरोबरच केलंत. अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या लाईम गावात 1975 च्या सुमारास कितीतरी मुलांचे सांधे सुजले होते आणि सगळ्यांना लहान मुलांचा संधिवात म्हणून सांगत होते. पॉली मरे नावाची एक आई घरातल्यांची आणि आसपासच्या मुलांची लक्षणं लिहून ठेवत गेली आणि आरोग्य खात्यामागे लागली, मग ॲलन स्टीअर या डॉक्टरने तपास हातात घेतला. जंतू सापडला विली बर्गडॉर्फरला, तो 1982 मध्ये जाहीर झाला, आणि त्याचंच नाव जंतूला दिलंय. तुम्ही पण एका कागदावर तारखा लिहा, जंगलात कधी गेला, गोचीड कधी काढला, ताप कधी, चट्टा कधी, टेस्ट कधी. तो कागद बघितला की टेस्ट लवकर झाली होती हे डॉक्टरांना स्वतःलाच दिसेल.

मेघना_र
ईसीजी काढला. ब्लॉक आहे, लगेच ॲडमिट केलंय आणि मॉनिटर लावलाय, शिरेतून सेफ्ट्रियाझोन हे अँटिबायोटिक सुरू केलं. तारखांचा कागद आणि फोटो दोन्ही दाखवले, टेस्ट परत पाठवलीय. डॉक्टर म्हणाले गरज पडली तर पेसमेकर घालावा लागेल, ते ऐकून हातपाय गळालेत, तो आयुष्यभर राहतो का?

वॉर्डातली_अनू
नाही गं, लागलाच तर बहुतेक वेळा तात्पुरता असतो. अँटिबायोटिक चालू झालं की हा ब्लॉक साधारण आठवडा-दोन आठवड्यांत सुटतो, कायमचा पेसमेकर क्वचितच लागतो. डोळा मिटत नाहीये ना, त्यासाठी दिवसा ड्रॉप्स आणि रात्री मलम लावून पापणी टेपने बंद करायला सिस्टरना सांग, नाहीतर बुबुळ कोरडं पडून जखम होते. रात्री मॉनिटर वाजला तर घाबरू नकोस, बेल दाब, आम्ही धावत येतोच.