पाश्चात्त्य संगीताचा इतिहास आणि फाइन आर्ट्स: कॉलेजचे अनुभव लिहा

काल लेकीने अभ्यास करताना बाख या जर्मन संगीतकाराचा सेलो सूट (मोठ्या व्हायोलिनसारख्या वाद्यावरची रचना) लावला होता आणि मला एकदम आमची श्रवणपरीक्षा आठवली. मी फाइन आर्ट्सला, संगीताचा इतिहास जोडीला घेतलेला. सर मधूनच कुठला तरी अर्ध्या मिनिटाचा तुकडा लावायचे, काळ ओळखा, प्रकार ओळखा, जमलं तर कोणाचं तेही लिहा. खाली सेलो आणि हार्पसिकॉर्ड (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) अखंड चालू असेल तर बहुतेक बरोक काळ (साधारण १६०० ते १७५०), एवढ्यावर सुरुवातीला तरलो आम्ही. पण खरं डोक्यात बसलं ते हे की बाख १७५० ला गेला आणि त्याचं सेंट मॅथ्यू पॅशन (गायक-वादकांसाठीची मोठी धार्मिक रचना) संगीतकार मेंडेल्सनने १८२९ ला बर्लिनमध्ये परत उभं केलं तेव्हा मेंडेल्सन जेमतेम २० वर्षांचा होता. म्हणजे आमच्याच वयाचा! वर्गात कुणी बोलेचना. तुमच्याही आठवणी लिहा, कितीही लहान चालतील.

चारकोल
आमच्या मॅडम स्लाइड आणि रेकॉर्ड एकत्र लावायच्या!! चित्रकार कान्डिन्स्कीने जानेवारी १९११ मध्ये म्युनिकला संगीतकार शोएनबर्गची मैफल ऐकली आणि लगेच चित्र केलं, मोठा पिवळा पट्टा नि काळा पियानो, ते समोर आणि कानात तेच संगीत. अमूर्त चित्र म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, आधी नुसतं पाठ होतं. बाकी माझ्या नोट्सवर कायम कोळशाची बोटं, परीक्षेच्या आधी अर्धी पानं वाचताच यायची नाहीत 😄

दुसरा_बाक
हायडन! १७७२ ची फेअरवेल सिम्फनी. हा संगीतकार ज्याच्या पदरी होता तो राजपुत्र उन्हाळी महालातून हलेना आणि वादकांना घरी बायकापोरांकडे जायचंय, म्हणून शेवटी एकेक वादक वाजवणं थांबवून मेणबत्ती विझवून उठून जातो. आम्ही वर्गात तसंच करून बघितलं होतं. रजेचा अर्ज इतका सुंदर कुणी लिहिला नसेल.

सखी_७
मुलाला क्लासला सोडायला निघालेय, घाईत लिहिते. फॅनी मेंडेल्सन, वरच्या मेंडेल्सनची म्हणजे फेलिक्सची बहीण, तीही संगीतकार. तिची काही गाणी भावाच्या नावाने छापली गेली, व्हिक्टोरिया राणीने आवडीचं म्हणून गायलेलं गाणं नेमकं फॅनीचं निघालं, आणि फेलिक्सला ते कबूल करावं लागलं. आमच्या पुस्तकात तिला एक ओळ होती, एकच. अजून राग येतो. आल्यावर सविस्तर लिहिते.

चारकोल
@सखी_७ अगदी. चित्रकलेच्या इतिहासातही तेच, सतराव्या शतकातली इटालियन चित्रकार आर्टेमिसिया जेंटिलेस्की आम्हाला शिकवलीच नाही.

गेसो
विषय सोडून विचारतो, कॉलेजातली कोळशाची चित्रं कुणी नीट जपलीत का? तेव्हा फिक्सेटिव्ह (कोळसा पुसू नये म्हणून मारायचा फवारा) परवडायचं नाही म्हणून सगळे हेअरस्प्रे मारायचो, आता माझे कागद पिवळे पडायला लागलेत.

दुसरा_बाक
@गेसो आमचेही 😭

चारकोल
हेअरस्प्रेने पिवळं पडतंच रे, जे झालं ते निघत नाही. आता निदान सपाट ठेव, गुंडाळी नको, मध्ये ग्लासीन (गुळगुळीत, पातळ) कागद घाल आणि उन्हापासून लांब. आणि फोटो काढून टाक ना इथे, बघू दे की आम्हाला!