मदत हवी आहे: पतंग आणि सुरवंट ओळखता यावेत यासाठी छायाचित्रे नेमकी कशी काढावीत?

नमस्कार,

गेल्या दोन वर्षांत मी रानावनात फिरताना पतंगांची आणि सुरवंटांची मिळून चारशेहून अधिक छायाचित्रे काढली आहेत. त्यांपैकी जेमतेम साठांवर नाव लिहिता आले आणि त्या साठांतही निम्म्या नावांपुढे प्रश्नचिन्ह आहे. सुरुवातीला मला वाटले की दोष कॅमेऱ्याचा आहे, म्हणून मी शंभर मिलिमीटरची मॅक्रो लेन्स घेतली. त्यानंतर चित्रे देखणी येऊ लागली, पण ओळख जिथे अडली होती तिथेच अडून राहिली. जाणकारांना चित्र दाखवले की बहुतेकदा एकच उत्तर मिळते, "एवढ्यावरून सांगता येणार नाही." मग किती आणि काय दिसले म्हणजे सांगता येईल, हे मला समजून घ्यायचे आहे.

अडचण स्पष्ट व्हावी म्हणून तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण कण्हेरीवरच्या सुरवंटाचे. तो बोटाएवढा जाड आणि हिरवागार होता, डोक्यामागे दोन्ही बाजूंना काळ्या कडेचा निळसर-पांढरा डोळ्यासारखा ठिपका होता आणि शेपटाकडे आखूड पिवळसर शिंग होते. दोन दिवसांनी त्याच झुडपाच्या बुंध्याशी तेवढ्याच आकाराचा, पण मातकट तपकिरी रंगाचा सुरवंट पालापाचोळ्यातून घाईघाईने चालताना दिसला. मी दोघांना दोन वेगळ्या जाती समजून वेगळ्या नोंदी केल्या आहेत. हे बरोबर आहे का?

दुसरे उदाहरण दिव्यावर आलेल्या पतंगाचे. रात्री पांढरी चादर टांगून तिच्यापुढे अतिनील दिवा लावला होता. साधारण दोन सेंटिमीटरचा, तपकिरी, पंख छपरासारखे मिटून बसलेला पतंग होता आणि पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक डाग होता. चित्रात मात्र चादर करडी, पतंग काळपट आणि सगळ्यावर जांभळी झाक आली आहे.

तिसरे उदाहरण गुलाबाच्या पानाच्या कडेवर ओळीने बसलेल्या पंधराएक अळ्यांचे. पान हलले की साऱ्याजणी एकदम शेपूट वर उचलून अंगाचा इंग्रजी एस अक्षरासारखा बाक करत होत्या. या अळ्यांचे चित्र ओळख सुचवणाऱ्या ॲपला दिले, तर ते दर वेळी वेगळ्याच पतंगाचे नाव सांगते.

माझे प्रश्न असे की, एकाच जिवाची कोणकोणत्या बाजूंनी चित्रे घ्यावीत, दिव्यावरच्या पतंगाचा खरा रंग कसा टिपावा, आणि सुरवंट कोणत्या पतंगाचा आहे हे पाहण्यासाठी तो घरी आणून वाढवणे योग्य आहे का? जाता जाता हेही सांगतो की चित्र नीट यावे म्हणून एका केसाळ सुरवंटाला मी बोटाने पानाच्या वरच्या बाजूला सरकवले आणि पुढचे दोन दिवस मनगटापर्यंत खाजवत बसलो. त्यावरचा उपायही कोणी सांगितला तर बरे होईल.

प्रतिसाद १

तुमच्या पहिल्या उदाहरणाचे उत्तर तुमच्याच वर्णनात आहे. हिरवा आणि तपकिरी हे दोन्ही सुरवंट बहुधा एकाच जातीचे, म्हणजे ऑलिअँडर हॉक मॉथ या पतंगाचे आहेत. डॅफ्निस नेरी हे त्याचे शास्त्रीय नाव. निळसर ठिपके, शेपटाकडचे शिंग आणि कण्हेर या तीन गोष्टी जुळल्या की शंकेला फारशी जागा उरत नाही. पूर्ण वाढलेला सुरवंट खाणे थांबवतो, त्याचा हिरवा रंग जाऊन तो तपकिरी होतो आणि झाडावरून उतरून पालापाचोळ्यात कोष करण्याजोगी जागा शोधत फिरतो. तुम्हाला दिसलेली घाई ती हीच. रंगावर विसंबून सुरवंट ओळखायला गेले की असा घोटाळा होतो. एकाच जातीच्या अळीचे रूप दर वेळी कात टाकल्यावर थोडेफार बदलते, आणि काही जातींत तर एकाच वयाच्या अळ्याही हिरव्या आणि तपकिरी अशा दोन्ही रंगांच्या असतात.

म्हणून माझा आग्रह असा असतो की सुरवंटाच्या आधी झाडाचे चित्र काढावे. अळी ज्या पानावर बसली आहे त्या पानाची वरची आणि खालची बाजू, फांदीवरची पानांची रचना, आणि फूल किंवा फळ असेल तर तेही टिपावे. बहुतेक सुरवंट मोजक्याच झाडांवर वाढतात. त्यामुळे झाडाचे नाव कळले की हजारोंची यादी काही दहांवर येते. मात्र अळी त्या झाडावर नुसती बसली आहे की पान खाते आहे, हे पाहून तसे लिहून ठेवावे. कोषासाठी निघालेली अळी कुठेही सापडू शकते आणि तिच्या खालचे पान निव्वळ दिशाभूल करते.

अळीचे स्वतःचे चित्र निदान तीन बाजूंनी हवे: वरून संपूर्ण पाठ, अगदी काटकोनात एक कूस, आणि समोरून डोके. यांत कुशीचे चित्र सर्वांत मोलाचे असते, कारण पाय त्यातच मोजता येतात. छातीखाली खऱ्या पायांच्या तीन जोड्या असतात, त्यानंतर मोकळी जागा असते आणि मग पोटाखाली मांसल, बुटके पाय असतात. हे मांसल पाय बहुसंख्य सुरवंटांना शेपटाकडची जोडी धरून पाच जोड्या असतात. आपण सरसकट जिला उंटअळी म्हणतो तिच्यात मात्र दोन वेगळी घराणी मिसळलेली असतात. जिऑमेट्रिडी कुळातल्या अळीला साधारणपणे दोनच जोड्या असतात, म्हणून ती पाठीची पूर्ण कमान करून चालते. नॉक्टुइडी कुळातल्या काही अळ्यांना तीन जोड्या असतात आणि त्यांची कमान जरा बसकी दिसते. चित्रात पाय स्पष्ट आले असतील तर कूळ घरबसल्या ठरवता येते.

तीक्ष्णतेबद्दल एक व्यवहाराची गोष्ट सांगतो. जीव जेवढा आहे तेवढाच सेन्सरवर उमटेल इतक्या जवळ गेलात तर लेन्सचे छिद्र एफ अकराइतके लहान ठेवूनही फोकसमध्ये येणारा पट्टा एक मिलिमीटरच्या आसपासच राहतो. तेव्हा ओळखीसाठीचे चित्र थोडे मागे सरकून घ्यावे आणि कॅमेरा अळीच्या अंगाला समांतर धरावा. डोळ्यात डोळे घालून काढलेले चित्र भिंतीवर लावायला छान असते, ओळखीला त्याचा उपयोग फार थोडा.

प्रतिसाद २

तिसऱ्या उदाहरणातले जीव सुरवंट नाहीत, म्हणून पतंगांत शोधून त्यांचे नाव सापडणार नाही. शेपूट उचलून अंगाला बाक देणे ही सॉफ्लायच्या अळ्यांची नेहमीची लकब आहे. सॉफ्लाय हा कीटक मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या यांच्या गणातला. त्याच्या पानखाऊ अळ्या सुरवंटासारख्याच दिसतात, पण त्यांच्या पोटाखाली मांसल पायांच्या सहा किंवा त्याहून अधिक जोड्या असतात. शिवाय त्यांच्या डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच ठळक, काळ्या मण्यासारखा डोळा असतो, तर सुरवंटाला तिथे बारीक ठिपक्यांसारख्या डोळ्यांचा पुंजका असतो, बहुधा सहांचा. तुमचे मूळ चित्र मोठे करून पाय मोजून पाहा.

खाजेबद्दल सांगायचे तर केस टोचल्यावर ती जागा चोळू नये, कारण चोळल्याने केस अधिक खोल रुततात. चिकटपट्टी हलक्या हाताने लावून उचलावी, दोन-तीन वेळा असे करून मग साबणाने हात धुवावा. केस डोळ्यात गेले किंवा श्वासाला त्रास होऊ लागला तर थेट डॉक्टरांकडे जावे. केसाळ अळीइतकेच गोगलगाईसारख्या सरपटणाऱ्या, काटेरी, भडक हिरव्या अळ्यांपासूनही सावध राहावे. लिमाकोडिडी कुळातल्या या अळ्यांचा दंश फार झोंबतो. हाताने सरकवण्याऐवजी पानच वळवावे किंवा आपण वाकावे.

प्रतिसाद ३

दिव्यावरच्या पतंगाविषयी लिहितो, कारण या चुका मीही पुष्कळ केल्या आहेत.

चादर करडी आणि पतंग काळपट येण्याचे कारण असे की कॅमेऱ्याचा प्रकाशमापक पांढऱ्या चादरीला फसतो आणि सगळेच चित्र गडद करतो. कॅमेऱ्यातली उजेडाची भरपाई (एक्सपोजर कॉम्पेन्सेशन) एक पायरी वाढवली की चादर पांढरी होते आणि पतंगही उजळतो. जांभळी झाक अतिनील दिव्याची आहे. ती नंतर संगणकावर काढण्यापेक्षा चित्र घेताना दिव्याचा प्रभावच दडपून टाकावा. त्यासाठी फ्लॅश वापरावा, त्याच्यापुढे पांढरा अर्धपारदर्शक पडदा धरून उजेड मवाळ करावा, शटर सेकंदाच्या दोनशेव्या भागावर आणि आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाला असलेली संवेदनशीलता, कमी ठेवावे. नुसत्या फ्लॅशचा थेट झोत पंखांवरच्या खवल्यांवरून परावर्तित होतो आणि तपकिरी रंगातल्या नेमक्या ओळखीच्या छटा पुसून टाकतो.

तुम्ही पाहिलेला मूत्रपिंडाकार डाग हा नॉक्टुइडी कुळाच्या पंखावरचा नेहमीचा खुणेचा डाग आहे. त्याच्या आतल्या बाजूला बहुधा एक गोल डाग असतो, आणि या दोन डागांच्या अलीकडून व पलीकडून पंख आडवा छेदणाऱ्या दोन नागमोडी रेषा जातात. त्या रेषा कुठे वळतात, डागाला स्पर्श करतात की दूर राहतात, यावर जाती वेगळ्या केल्या जातात. त्यामुळे पुढचा पंख अगदी वरून, लंबरेषेत टिपणे आवश्यक आहे. तिरप्या कोनातून काढलेल्या चित्रात रेषांची अंतरे बदललेली दिसतात. त्यासोबत शृंगिका, म्हणजे डोक्यावरच्या मिशा, दिसतील असे एक चित्र हवे, कारण त्या धाग्यासारख्या आहेत की पिसासारख्या, यावरून कूळ आणि पुष्कळदा नर-मादीही कळतात. पुढच्या पंखाची मुळापासून टोकापर्यंतची लांबी मिलिमीटरमध्ये नोंदवावी, आणि शेजारी आलेखकागदाचा तुकडा ठेवला तर उत्तमच.

मागचे पंख हा अवघड भाग आहे. पुष्कळ जातींचे पुढचे पंख वाळक्या पानासारखे आणि मागचे पंख भडक नारिंगी किंवा लाल असतात, पण बसलेल्या पतंगात ते दिसत नाहीत. त्यांना काडीने ढोसू नये. उडण्याआधी जाडजूड पतंग पंख थरथरवून छातीतले स्नायू तापवतात आणि त्या काही क्षणांत मागचे पंख डोकावतात, तेव्हा धीर धरून बसावे. खालची बाजू हवी असेल तर पतंगाला स्वच्छ पारदर्शक डबीत अलगद घ्यावे, तळातून चित्र काढावे आणि सोडून द्यावे. काही जण पतंग फ्रीजमध्ये गारठवतात. मला तो प्रकार आवडत नाही, पहाटेच्या गारव्यात पतंग आपणहून निश्चल बसलेले असतात.

दिवा रात्रभर चालू ठेवू नये, ही विनंतीही करतो. २०२४ साली नेचर कम्युनिकेशन्समध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वेगवान कॅमेऱ्यांनी दाखवले की उडते कीटक उजेडाकडे पाठ करून उडतात. मोकळ्या आकाशाखाली ही सवय त्यांना सरळ ठेवते, पण जवळच्या दिव्यापाशी तीच त्यांना गोल गोल फिरायला लावते. दोन तासांनी दिवा मालवला की ते शांत बसतात, चित्रेही चांगली मिळतात, आणि सकाळी पक्ष्यांना आयते ताट मिळत नाही.

एक अप्रिय गोष्टही सांगून ठेवतो. सगळे नियम पाळूनही काही तपकिरी पतंगांची जात चित्रावरून ठरत नाही. जननेंद्रियांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी किंवा डीएनए चाचणी केल्याशिवाय तिथे पुढे जाता येत नाही. अशा वेळी प्रजातीच्या, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाच्या (जीनस), नावापर्यंत थांबणे हे अपयश नव्हे. चुकीच्या जातीच्या नावापेक्षा बरोबर प्रजाती केव्हाही चांगली.

प्रतिसाद ४

सुरवंट वाढवण्याबाबत माझे मत सावध होकाराचे आहे. अळी आणि पतंग यांची गाठ घालून देणारा याहून खात्रीचा मार्ग नाही. पण रोज त्याच झाडाची ताजी पाने आणण्याची तयारी असेल तरच हात घालावा, कारण खाद्य बदलले तर बहुतेक अळ्या उपाशी मरतात. एका वेळी एकच अळी घ्यावी. डबीत हवा खेळती ठेवावी, विष्ठा रोज काढावी, तळाशी जराशी ओलसर माती आणि पालापाचोळा घालावा. कण्हेरीचा चीक विषारी असतो, तेव्हा पाने हाताळल्यावर हात धुवावेत. बाहेर आलेल्या पतंगाचे पंख पूर्ण ताणले जाईपर्यंत त्याला हात लावू नये आणि मग जिथून अळी आणली तिथेच सोडावे.

मूळ प्रश्नकर्ता (तीन आठवड्यांनंतर)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. गुलाबावरच्या अळ्यांचे चित्र मोठे करून पाय मोजले. एका अळीच्या पोटाखाली सात जोड्या निघाल्या आणि डोक्यावरचा काळा मणीही दिसला. पतंगांच्या यादीतून ती नोंद काढली आहे. कण्हेरीच्या दोन नोंदी एक केल्या.

त्यानंतर कण्हेरीवर आणखी एक हिरवा सुरवंट मिळाला, तो झाडासह तिन्ही बाजूंनी टिपला आणि घरी आणला. चौथ्या दिवशी तो तपकिरी झाला आणि पाचोळ्याखाली गेला. मात्र कोष तयार झाल्यावर आठवड्याभरात त्याला भोक पडले, पांढऱ्या जाड अळ्या बाहेर पडून मातीत शिरल्या आणि तिथे त्यांची तांबूस, पिंपाच्या आकाराची लहान कवचे झाली. काल त्यांतून अंगभर राठ केस असलेल्या करड्या माश्या निघाल्या. पतंग तर मिळालाच नाही. ही नोंद आता रद्द समजावी का?

प्रतिसाद १ लिहिणारा

मुळीच नाही. वर्णनावरून त्या टॅकिनिड माश्या दिसतात. त्यांच्या अळ्या जिवंत सुरवंटाच्या अंगात वाढतात, आणि कोणती माशी कोणत्या सुरवंटातून निघाली याच्या छायाचित्रांसह नोंदी फार थोड्या असतात. सुरवंटाची ओळख झाड, ठिपके आणि शिंग यांवरून पटलेलीच आहे. रिकामा कोष आणि माश्यांची कवचे तारीख लिहून एका डबीत कोरडी ठेवा, आणि माश्या सोडण्यापूर्वी एकीचे कुशीतून, एकीचे समोरून आणि एकीच्या पंखावरच्या शिरा दिसतील असे चित्र घ्या.