लिस्बनमधील आणखी तीन चर्च
पोर्तुगालच्या लिस्बन शहरात काय पाहावे, या चर्चेत बेलेम भागातील जेरोनिमोस मठाचे आणि तिथल्या वास्को द गामाच्या समाधीचे वर्णन आले आहे, परंतु शहराच्या मध्यवस्तीतील तीन चर्चही पाहावीत, असे मला मनापासून वाटते.

पहिले कार्मोचे. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, झालेल्या भूकंपात त्याचे छत कोसळले. पुढे पुनर्बांधणी सुरू होऊनही ते अपुरेच राहिले, त्यामुळे आज टोकदार गॉथिक कमानींमधून थेट आकाश दिसते. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टिनचा भग्न मनोरा पाहिलेल्यांना इथे त्याची आठवण आल्यावाचून राहणार नाही.

तिथून जवळच साओ रोके हे मूळचे जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाचे चर्च आहे. बाहेरून इतके साधे की सहज पुढे निघून जावे, पण आत सेंट जॉन बाप्टिस्टचे जे छोटे उपासनागृह आहे, ते पाचव्या जुवांव राजाने रोममध्ये घडवून घेतले, आणि पोपने तिथे प्रार्थना केल्यानंतर ते सुटे करून १७४७ मध्ये जहाजांतून लिस्बनला आणले गेले. त्यातील चित्रे रंगवलेली वाटतात. प्रत्यक्षात ती बारीक रंगीत तुकडे जोडून केलेल्या मोझेइकची आहेत. यासाठी पुरेसा वेळ राखून ठेवावा.

रोसिओ चौकालगतचे साओ दोमिंगोस १९५९ च्या आगीत होरपळले. दुरुस्ती करताना तडकलेले, काळवंडलेले खांब मुद्दाम तसेच ठेवले आहेत. ज्यूंचे १५०६ मधील हत्याकांड याच चर्चमधून सुरू झाले होते; बाहेरच्या चौकातील त्यांच्या स्मारकापाशी अवश्य थांबावे.