बीई मेकॅनिकल, चाकणला २ वर्षं झाली... आता एमटेक, जर्मनी की आहे तिथंच? आबा बाग गहाण ठेवायला निघालेत

तासगावचा_मेक

नमस्कार. जरा लांबलचक लिहितोय पण पूर्ण वाचा आणि खरं काय ते सांगा, बरं वाटावं म्हणून काही लिहू नका.

मी तासगाव तालुक्यातला. दहावीनंतर डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयरला बीई मेकॅनिकल, २०२३ ला पास झालो. सध्या चाकणला एका वेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, प्रेस पार्ट्सचं काम. १५ हजारांवर लागलो, आता हातात २२ येतात. त्यातनं रूम, मेस, आणि ६-७ हजार घरी. काम मला येतं, पीपीएपी (पार्ट मंजुरीची कागदपत्रं), सीएमएम (मापं तपासायचं मशीन), कस्टमर ऑडिटची तयारी सगळं करतो, त्याबद्दल शंका नाही. पण दिवाळीनंतर आमच्या एका कस्टमरचं मॉडेल बंद झालं आणि एका महिन्यात ११ ट्रेनी पोरांना ब्रेक दिला. त्यातला एक माझा रूम पार्टनर. माझा नंबर लागला नाही पण तेव्हापासून डोक्यात एकच, की इथं ५ वर्षं काढली तरी ३०-३२ च्या वर जाणार नाही आणि कधीही घरी बसवतील.

मग पुण्यात एका कन्सल्टन्सीत जाऊन आलो. ते म्हणाले जर्मनीत एमएस करा, राहण्याखाण्यासकट २० लाखांचं लोन काढा, जॉब लागल्यावर २ वर्षांत फिटतं. दुसरीकडं आमचे सर म्हणतात गेट (एमटेकच्या ॲडमिशनची परीक्षा) दे आणि एमटेक कर. आणि रूम पार्टनर म्हणतो की शिकलेलेच जास्त बेकार आहेत, पेपरात आकडे आलेत, अजून दोन वर्षं घालवून काय मिळवणार.

घरी पावणेदोन एकर द्राक्षबाग आहे. मागचे दोन सीझन अवकाळी आणि डावणी रोगानं गेले, माल मार्केटला न जाता बेदाण्यालाच गेला, त्यात औषधाचे पैसे कसेबसे निघाले. तरी आबा फोनवर म्हणाले, शिकायचं असंल तर बाग बँकेत ठेवू, जमीन काय वर घेऊन जायचीय का. ते ऐकल्यापासून मला जास्तच भीती वाटतीय. पुढच्या शिक्षणावर एवढे पैसे घालण्यात खरंच अर्थ उरलाय का?

सीएई_बंगळूर

मी २०१९ ते २१ आयआयटीतनं एमटेक केलंय, मशीन डिझाईन, त्याआधी तुझ्यासारखाच दीड वर्ष शॉप फ्लोअरला होतो, त्यामुळं जेवढं माहितीय तेवढं सांगतो. गेट देऊन एमटेक आणि असंच कुठंतरी एमटेक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आधी डोक्यात पक्कं कर. गेटवर ॲडमिशन मिळाली तर महिन्याला १२,४०० स्टायपेंड मिळतो, २४ महिने, बदल्यात आठवड्याला ८ तास टीएचं (प्राध्यापकांना शिकवण्यात मदतीचं) काम. म्हणजे साधारण २ लाख ९७ हजार. तुझा सोडलेला पगार आजच्या हिशोबानं ५ लाख २८ हजार. मधला खड्डा सव्वादोन-अडीच लाखांचा, त्यात फी धर. शिवाय घरी जे ६-७ हजार जातात ते थांबणार, ते कोण विचारात घेत नाही पण तुझ्या घरी ते जाणवणार. हा खड्डा भरून निघण्यासारखा आहे, बाग लावावी लागत नाही.

आता दुसरी बाजू. आयआयटी म्हटलं की नोकरी पक्की असं घरचे समजतात, तसं नाहीये, आमच्या बॅचला डिझाईनवाल्यांना पटापट लागले, थर्मलची काही चांगली पोरं शेवटपर्यंत थांबली आणि मग भलत्याच सेक्टरला गेली. मला आज जे काम मिळालंय, क्रॅश आणि फटीगचं ॲनालिसिस, ते बीईवर मला कुणी दिलं नसतं. इंटरव्ह्यूला डिग्रीबद्दल दोन मिनिटं विचारलं आणि थिसिसवर पाऊण तास. त्यामुळं कॉलेजइतकंच गाईड कोण आहे आणि लॅबला इंडस्ट्रीचं काम येतं का हे बघ.

आणि गेटचा स्कोर ३ वर्षं चालतो. नोकरी न सोडता देऊन बघ, चांगला आला तर काही पीएसयू (सरकारी कंपन्या) त्याच स्कोरवर भरती करतात, नाही आला तर तुझं काही गेलेलं नाही.

स्टुटगार्टहून

भावा, २ वर्षांत फिटतं हे ज्यांनी सांगितलं त्यांना तू ॲडमिशन घेतल्यावर पैसे मिळतात, एवढं लक्षात ठेव.

मी २०२२ ला आलो. सरकारी युनिव्हर्सिटीत बहुतेक ठिकाणी ट्यूशन फी नाही हे खरंय, पण आमच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात बाहेरच्या पोरांना सेमिस्टरला १,५०० युरो आहे. पण व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाऊंटला वर्षाचे ११,९०४ युरो आधी दाखवावे लागतात, म्हणजे १२ लाखांच्या आसपास. ते पैसे तुझेच असतात, महिन्याला ९९२ युरो परत मिळतात, त्यातच रूम, इन्शुरन्स, खाणं. दुसऱ्या वर्षाचं तू पार्ट टाईम करून भागवायचं असं सगळे गृहीत धरतात. वर्षाला १४० पूर्ण दिवस काम करता येतं, मी गोडाऊनमध्ये रात्रीचं केलं, त्यापायी एक सेमिस्टर लांबलं. इथं दोन वर्षांचा कोर्स दोन वर्षांत संपवणारे माझ्या ओळखीत कमीच.

नोकरीचं खरं सांगतो. डिग्रीनंतर १८ महिने नोकरी शोधायला मिळतात. मला ९ महिने लागले. त्या ९ महिन्यांत १८० च्या वर अर्ज केले, इंटरव्ह्यू आले फक्त ७, आणि त्यातल्या ५ ठिकाणी पहिली दहा मिनिटं झाल्यावर गाडी जर्मनवर गेली. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी शॉप फ्लोअर जर्मनमध्ये चालतो, जर्मन बी२ लेव्हलची नसेल तर मेकॅनिकलवाल्यानं इकडं येऊ नये असं मी स्पष्ट म्हणीन. त्यात इथलं ऑटो स्वतःच हललंय, फोक्सवॅगननं डिसेंबर २०२४ ला युनियनशी करार करून २०३० पर्यंत ३५ हजार जागा कमी करायचं ठरवलंय, त्याचा धक्का सप्लायर कंपन्यांना पण बसतोय. आमच्या बॅचचे दोघं कर्ज डोक्यावर घेऊन परत गेले. त्यांच्यातला एक माझ्यापेक्षा हुशार होता, हे मी रोज आठवतो.

मला इथं आल्याचा पश्चात्ताप नाही. मी शिकलो, कामाची पद्धत कळली, आई-वडिलांना फिरवून आणलं. पण माझ्यामागं पुण्यातला फ्लॅट होता, बाग नव्हती.

शाखाधिकारी_निवृत्त

३१ वर्षं राष्ट्रीयीकृत बँकेत काढली, त्यातली बरीच शेती आणि शैक्षणिक कर्जात. बाळा, पहिली गोष्ट, शैक्षणिक कर्जाला बऱ्याच बँका शेतजमीन तारण घेतच नाहीत. कारण कर्ज थकलं तर २००२ चा सरफेसी कायदा (कोर्टात न जाता तारण जप्त करायचा) शेतजमिनीला लागू होत नाही, बँकेला वसुली अवघड जाते. घर किंवा एनए (बिगरशेती) प्लॉट मागतात. मग घरचे काय करतात, बाग एखाद्या पतसंस्थेला किंवा सावकाराला लावतात आणि तिथलं व्याज वेगळंच असतं. तुझ्या आबांना हे नीट समजावून सांग, त्यांच्या मनात बँक असेल आणि सही भलतीकडंच होईल.

आता हिशोब. २० लाख, १० टक्के दर धरू. कोर्स आणि पुढं १ वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच असतं. तीन वर्षांचं सरळ व्याज ६ लाख. पैसे टप्प्याटप्प्यानं उचलले तर थोडं कमी, पण एकूण २६ लाख धरून चालू. १० वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे ३४,३६० रुपये. जर्मनीत नोकरी लागली तर हा हप्ता जड नाही, मान्य. परत यावं लागलं तर इथल्या कोणत्या पगारातून भरणार ते आज कागदावर लिही. व्याजावर ८ वर्षं करसवलत मिळते, तीही जुन्या करप्रणालीतच, आणि कर भरण्याएवढं उत्पन्न असेल तर.

भारतात चांगल्या संस्थेत गेलास तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना बघ. यादीतल्या संस्थांना तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांच्या कर्जापर्यंत व्याजात ३ टक्के सवलत. परदेशाला ती नाही.

माझ्या टेबलासमोर बसलेल्या बापांचे चेहरे मला अजून आठवतात. मुलगा निघताना सही करणारे आणि चार वर्षांनी नोटीस घेऊन येणारे, तेच.

टूलरूम_भोसरी

क्वालिटीतनं टूल डिझाईन किंवा एनपीडीला (नवीन पार्ट डेव्हलपमेंटला) शिफ्ट होता येतं का बघ आधी. आमच्याकडं डाय डिझाईनचा चांगला माणूस मिळत नाही, पगार वाढवून पण मिळत नाही. संभाजीनगरच्या इंडो जर्मन टूल रूमला टूल डिझाईनचा पोस्ट ग्रॅज्युएट डिप्लोमा आहे, एमटेकपेक्षा कमी वेळात होतो. तिथली दोन पोरं माझ्या हाताखाली आहेत, पहिल्या दिवसापासून कामाला येतात.

मॅडम_मेक

माझं थोडं वेगळंय म्हणून लिहिते. मी गेट न देता घराजवळच्या प्रायव्हेट कॉलेजात एमई केलं, कारण लग्नाचं बघत होते आणि रिकामं बसायचं नव्हतं. दोन वर्षं आणि सगळा खर्च धरून अडीच लाख गेले. नंतर तशाच एका कॉलेजला लेक्चरर लागले, कागदावर पगार वेगळा, हातात १८ हजार, तोही कधी तीन-तीन महिने अडकायचा. आता ऑनलाईन कंटेंटचं काम करते. एमईनं मला काय दिलं तर विषय नीट समजला, शिकवताना मजा यायची, पोरींना मेकॅनिकल घ्यायला धीर आला, ते मी कमी लेखत नाही. पण घर चालवायला त्याचा उपयोग झाला नाही आणि ते आधी मला कुणीच सांगितलं नाही, म्हणून तुला सांगतेय. लॅबमधल्या मशीनवर धूळ असेल, दोनच रेग्युलर पोरं असतील, तर तिथं पाय ठेवू नकोस.

आणि तुझ्या पार्टनरच्या आकड्याबद्दल. तो बहुतेक आयएलओच्या (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या) २०२४ च्या रिपोर्टमधला आहे. २०२२ साली तरुणांमध्ये पदवीधरांची बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही त्यांची ३.४. आकडा खरा आहे पण त्यावरून शिक्षण वाया असं निघत नाही. ज्याला लिहितावाचता येत नाही तो घरी बसूच शकत नाही, उद्याच्या जेवणासाठी मिळेल ते काम धरतो आणि सर्व्हेमध्ये रोजगारी म्हणून मोजला जातो. पदवीधर पोरगं घरच्यांच्या जिवावर एक-दोन वर्षं थांबतं. माझ्या मामाकडं कामाला येणारी बाई कधीच बेरोजगार नसते, पण म्हणून तिच्या जागी कुणाला जायचंय का? तुझा प्रश्न शिकावं का नको हा नाहीच, कुणाच्या पैशावर आणि नेमकं कशासाठी, हा आहे.

तासगावचा_मेक

सगळ्यांचे मनापासून आभार, काकांचा हिशोब आबांना फोनवर वाचून दाखवला. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले पतसंस्थेचा माणूस गेल्या आठवड्यात बागेत येऊन गेला होता. मला हे माहीतच नव्हतं. त्यांना म्हटलं कागद कुणाला देऊ नका, मी रविवारी येतो.

जर्मनी सध्या बाजूला ठेवलीय. नोकरी न सोडता गेट द्यायचं ठरवलंय, आणि भोसरीवाले दादा म्हणाले तसं आमच्या एनपीडीच्या साहेबांना उद्या विचारणार आहे. ताई, कॉलेज बघायला जाईन तेव्हा लॅब आधी बघीन.

आता एकच विचारायचंय. आमच्यात महिन्यातले दोन आठवडे रात्रपाळी असते, सकाळी ८ ला रूमवर आल्यावर डोळे उघडे राहत नाहीत. शिफ्टमध्ये राहून गेट केलेलं कुणी आहे का इथं? मॅथ्स आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियलपासून सुरू करू का आधी मागच्या वर्षांचे पेपर सोडवू?

सीएई_बंगळूर

मी केलंय शिफ्टमध्ये. रात्रपाळीच्या आठवड्यात नवीन काही वाचायचं नाही, फक्त जुने पेपर, झोप झाल्यावर दुपारी ३ ते ६. नवीन विषय फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात घ्यायचे. स्ट्रेंथ ऑफ मटेरियलपासून सुरू कर, मशीन डिझाईन त्यावरच उभं आहे. माझ्या हाताच्या नोट्स आहेत, स्कॅन करून ठेवल्यात, मेसेज टाक, पाठवतो.